वीस बोंडं, एक ब्लेड: आपल्याच वावरात उत्क्रांती कशी बघायची

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. मागच्या वर्षी नवरात्राच्या आसपास माझा पुतण्या ओसरीवर बसून तो पाठ करत होता. जिराफ मान ताणतो, ताणून ताणून मान लांब होते, मग पिल्लांची मान लांब होते, हे लामार्कचं म्हणणं आणि ते चूक. एवढं घोकून तो पुढं सरकला. बाजूला माझे दीर फवारणीचा पंप धुता धुता कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर वैतागले होते. “वहिनी, दोन फवारे झाले, अळीले काहीच होत नाही. सवय झाली तिले औषधाची.”

पोट्ट्यानं वर पाहिलं. “म्हणजे जिराफावानी?”

मी वीस वर्षांपूर्वी वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि पांढरकवड्याच्या अलीकडच्या या गावात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेचायला लागले. पण एवढा चांगला प्रश्न मला कॉलेजातही कोणी विचारला नव्हता. दीर जे बोलले तो अस्सल लामार्क होता. आमचं अख्खं गाव, कृषी केंद्रावरचा माणूस, टीव्हीवरचे पाहुणे, सगळे तेच बोलतात: अळीला सवय झाली. म्हणून फवाऱ्याला पाच-सहा दिवस होऊ दिले आणि त्याला म्हटलं, पुस्तक ठेव, ब्लेड घे, चल वावरात. आम्ही जे केलं ते तुम्हालाही करता येईल. कपाशी असलेल्या कुठल्याही गावात होतं.

वेळ साधायची ती सप्टेंबरच्या मधापासून नोव्हेंबरपर्यंत. झाडावर हिरवी, पण बोटानं दाबली तर थोडी दबणारी बोंडं हवीत. म्हणजे फूल गळून पंधरा-वीस दिवस झालेली. फार कोवळ्या बोंडात काही दिसत नाही आणि टणक झालेल्या बोंडातून अळी निघून गेलेली असते. फवारा मारला असेल तर चार-पाच दिवस वावरात जाऊ नका, पोरांना तर नकोच. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत, त्यामुळे या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

सोबत वही, ब्लेड, दोन पिशव्या, जुना पेपर आणि असेल तर भिंग घ्या. आणखी एक गोष्ट लागते, ती मात्र जूनमध्येच करून ठेवावी लागते: बीटी नसलेल्या कपाशीची चार तासं, म्हणजे ओळी. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेली कपाशी. पूर्वी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. आता बहुतेक ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ते बी मिसळूनच येतं. शेतीसाठी सोयीचं असेल, पण बघायला निरुपयोगी, कारण कुठलं झाड कुठलं ते नजरेनं ओळखू येत नाही. म्हणून मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं ‘रजत’ धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, बाजूला लावते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं ‘सूरज’ही चालेल. दोन्ही सरळ, म्हणजे संकरित नसलेले वाण; बी घेताना मात्र बीटी नसलेलंच घ्या.

खरं सांगायचं तर ते १२० ग्रॅमचं पाकीट मी पहिली सात-आठ वर्षं उकिरड्यावर फेकलं. एकदा त्यातलं बी परसात टाकून बघितलं तर निम्मं उगवलंच नाही, तेव्हापासून आणखीच फेकलं. ज्यांच्याकडून बी घेत होतो त्या दुकानदारानंही कधी सांगितलं नाही ते कशासाठी आहे. त्यालाही माहीत नसावं.

आता बोंडं तोडणं. धुऱ्यावरची तोडू नका, दहा-बारा तासं आत जा. नागमोडी चालत वीस झाडं घ्यायची, एका झाडाचं एकच बोंड. कीड दिसते म्हणून एखादं बोंड उचलायचं नाही आणि छान दिसतं म्हणून सोडायचंही नाही. पुतण्या पहिल्यांदा छिद्रं असलेलीच बोंडं गोळा करत होता. त्याला म्हटलं, मतं मोजायला निघाला अन् आपल्याच पार्टीच्या घरी चालला का? मग त्यानं डोळे मिटून हात घालायला सुरुवात केली. वीस बीटीची एका पिशवीत, वीस नॉन-बीटीची दुसऱ्या पिशवीत, आणि पिशवीवर लगेच लिहायचं. मी एकदा लिहिलं नव्हतं, सगळी मेहनत मातीत गेली.

घरी येऊन पेपर पसरा. बोंड शेंड्याकडून देठाकडे असं चिरा की कप्पे सुटे होतील, मधोमध खचकन कापू नका, अळीही कापली जाते. बाहेरून बोंड ठणठणीत दिसेल. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्या निघाल्या, सुईच्या टोकाएवढी असताना आत शिरते आणि ते छिद्र भरून येतं. आत मात्र खूण राहते: बोंडाच्या सालीच्या आतल्या बाजूला, जिथून ती घुसली तिथं चामखिळीसारखी बारीक गाठ. भिंग इथं कामाला येतं. मग कापूस बोटानं बाजूला करा. लहान अळी पांढरी, डोकं काळपट. मोठी झाली की अंगावर गुलाबी पट्टे. सरकी चिमटीत धरून दाबा. पोकळ लागली तर आतून खाल्लेली आहे. कधी दोन सरक्या एकमेकीला चिकटून जोड झालेली सापडते. ती फेकू नका, वेगळी ठेवा, शेवटी सांगते.

प्रत्येक बोंडासमोर लिहायचं: अळी आहे की नाही, जिवंत की मेलेली, लहान की मोठी. महत्त्वाचा शब्द ‘मोठी’. बीटी झाडात लहान अळी सापडली तर त्यात नवल नाही, तिनं अजून पोटभर विष खाल्लेलंच नसेल. पण गुलाबी पट्टे आलेली, खाऊन-पिऊन टुणटुणीत अळी बीटीच्या बोंडात असेल, तर तिनं आयुष्यभर विष खाल्लं आणि पचवलं. आमचा हिशेब असा निघाला: नॉन-बीटीच्या वीस बोंडांत आठ किडकी, बीटीच्या वीस बोंडांत सात. पुतण्या म्हणाला, “मोठी आई, मग बीटी अन् साध्यात फरक काय राह्यला?” हेच बघायला तर वावरात गेलो होतो.

इथं एक बारकी गोम आहे, ती शिक्षकांनी जरूर सांगावी. आपलं बीटी संकरित आहे. विषाचं जनुक त्या झाडात एकाच बाजूनं आलेलं असतं, आई किंवा बाप. त्यामुळे त्या झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखं नसतं. एका जनुकापुरतं बोलायचं तर मेंडेलच्या हिशेबानं चारातल्या एका सरकीत ते नसतंच. गुलाबी अळी पानं खात नाही, बिया खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी ताटही आहे, अर्धवट विषारीही आहे आणि बिनविषारीही. म्हणून एखादी जिवंत अळी सापडली की लगेच ‘प्रतिकारक’ असा शिक्का मारू नका. मोठ्या अळ्या भरपूर आणि दोन्ही पिशव्यांत जवळजवळ सारख्या असतील तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं, अळीला मोजून विष खाऊ घालून. तुमच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा.

हे झालं बघणं. आता कसं झालं ते समजायला सूप घ्या आणि घरातले मूग-उडीद काढा.

सुपात १८० मूग आणि २० उडीद मिसळा. मूग म्हणजे विषाला बळी पडणारं जनुक, उडीद म्हणजे विष पचवणारं. न बघता दोन-दोन दाणे उचलून शंभर जोड्या मांडा. प्रत्येक जोडी एक अळी, एक दाणा आईकडून, एक बापाकडून. नियम एकच: बीटी बोंडात जगायला दोन्ही दाणे उडीद लागतात. एक मूग असला तरी अळी मेली. गुलाबी अळीचा प्रतिकार बहुतेक वेळा असाच लपून राहणारा असतो, दोन्हीकडून आला तरच दिसतो.

पहिला डाव, सगळ्या वावरात बीटी. उडीद-उडीद अशा जोड्या ठेवा, बाकी सगळ्या काढा. हिशेबानं शंभरात एखादी निघावी. आमच्या पहिल्या डावात एकही निघाली नाही. पुतण्यानं टाळी वाजवली, “अळी खतम!” होतं असं. थोड्या जीवांचं नशीब नुसत्या योगायोगावरही फिरतं, यालाही उत्क्रांतीत जागा आहे. मी म्हटलं, शेजारच्या वावरातही खेळू, पुन्हा मांड. दुसऱ्यांदा दोन जोड्या निघाल्या. आता त्या दोघींचीच पिल्लं पुढं येणार. चारही दाणे उडीद, म्हणून पुढची पिढी भरायला २०० दाणे उडीदच मोजावे लागले. त्यानं मुठीनं उडीद टाकले आणि थांबला. “यात सवय कुठी झाली? ज्या मेल्या त्या मेल्या. ह्या दोन तं पयलेच उडीद होत्या.”

मी गप्प राहिले. यावर मला काही शिकवायचं उरलं नव्हतं.

दुसरा डाव जरा सावकाश खेळा. पुन्हा १८० मूग, २० उडीद, शंभर जोड्या. पहिल्या वीस जोड्या न बघता वाटीत ठेवून झाका. ही वाटी म्हणजे नॉन-बीटीची तासं, तिथं सगळ्या जगतात. उरलेल्या ८० जोड्यांतल्या फक्त उडीद-उडीद ठेवा. समजा एक निघाली. आता वाटीतले ४० दाणे आणि हे दोन, एकूण ४२, त्यात उडीद सहाच्या आसपास. त्याच प्रमाणात २०० भरा: २८-२९ उडीद, बाकी मूग. पहिल्या डावात एका पिढीत २० चे २०० झाले, इथं २० चे २९. कारण बीटीतून वाचलेल्या एखाद्या उडीद पतंगाला जोडीदार शोधायचा तर आजूबाजूला सगळे मूगवाले. पिल्लं मिश्र होतात आणि मिश्र पिल्लं बीटीत मरतात. उकिरड्यावर फेकलेल्या त्या पाकिटाचा हाच उपयोग होता. चार-पाच फेऱ्या खेळलात तर दिसेल की वाटीवाल्या डावातही उडीद वाढतातच, पण उशिरा. खऱ्या वावरात सुरुवातीला उडीद दहात एक नसतात, फार विरळ असतात, म्हणून तो उशीर कितीतरी लांबतो.

आता हेच दाणे मोठ्या सुपात बघा. देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ साली, एका जनुकाची. दोन जनुकांची आली २००६ मध्ये. २०१० मध्ये हे जनुक विकणाऱ्या मोन्सँटो कंपनीनंच मान्य केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. पुढं दुसरंही जनुक तिनं पचवलं आणि २०१७ मध्ये विदर्भानं ते आपल्या बोंडांत पाहिलं. त्या दिवाळीनंतर आमच्या सात एकरांतली दुसरी वेचणी मी बंडीतून उतरवूनच घेतली नाही, कवडीच कवडी होती, म्हणजे नुसता किडका कापूस. पंधरा वर्षांचा हा खेळ. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं ज्याला वाटतं त्यानं एका हंगामात अळीच्या चार-पाच पिढ्या होतात हे लक्षात घ्यावं.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी, हीच बीटी, पण तिथं उलटं झालं. साधी कपाशी नेमानं लावली गेली, नंतर वांझ केलेले पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं गुलाबी अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. यावरून कोणी म्हणतं, विदर्भातला शेतकरी आळशी, त्यानं नॉन-बीटी लावलं नाही. मला याचा राग येतो. तिथलं बीटी सरळ वाणाचं होतं, त्याच्या प्रत्येक सरकीत पूर्ण विष. आपलं संकरित, सरकी-सरकीत फरक. आपलं पीक दिवाळीनंतरही कितीतरी दिवस वावरात उभं, अळीला खायला मिळणारे महिने जास्त. चूक आमचीही आहेच, पण सूप आधीच वाकडं धरलेलं होतं.

पिढ्याही डोळ्यांनी मोजता येतात. एकरी दोन कामगंध सापळे लावा. त्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, नर पतंग येऊन अडकतात. रोज सकाळी मोजून वहीत लिहा आणि आलेख काढा. आकडा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. साधारण महिन्याच्या अंतरानं येणारा प्रत्येक चढ म्हणजे नवी पिढी. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, किंवा तुमच्या वीस हिरव्या बोंडांत दोन किडकी निघाली, की फवारणीचा विचार करायचा, तोवर नाही. आणि करायचीच तर लागोपाठ एकाच गटाचं औषध नको. नाव वेगळं असून चालत नाही, डब्यावरचा घटक बघा. एकच औषध परत परत म्हणजे उडदांची निवड परत परत. दिरांनी मारलेले दोन्ही फवारे वेगळ्या कंपन्यांचे होते, घटक एकच निघाला.

फरदड घेऊ नका हे सगळेच सांगतात, कारण कोणी सांगत नाही. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी ठेवली की शेवटच्या, म्हणजे सगळ्यात निबर पिढीला आपण जेवण घालतो. हंगामभर विषातून गाळून उरलेले उडीद तेच. त्यांना उपाशी ठेवायचं तर पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करावं लागतं. त्या वेळी कापसाला चार पैसे बरे असले की हात धजत नाही, माझाही धजला नव्हता.

कपाशी नसेल तर? भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या धानपट्ट्यातल्या लोकांनी बांधीत बघावं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानात पिवळसर दाण्याच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या म्हणून तोडून ठेवल्या, त्यांचंच बी पेरत गेले आणि एचएमटी तांदूळ उभा राहिला. निसर्ग आमच्या वावरात विषानं निवडतो, दादाजींनी डोळ्यांनी निवडलं. दोन्हीकडे वेगळेपण आधीच तिथं होतं. नागपुरी संत्र्याच्या बागेत मात्र हा खेळ बघायला जाऊ नका, तिथं जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल असतात, निवडायला फरकच फारसा नसतो. आणि वरोऱ्याकडे गेलात तर पिजदुऱ्याला थांबा. तिथं डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात, त्यांत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं संशोधन २००५ मध्ये छापून आलं. ज्वारी, धान, गहू सगळी गवतंच. दीर म्हणाले, म्हणजे डायनासोरही आपला धुरा चरून गेला होता.

चिरलेली बोंडं धुऱ्यावर टाकायची नाहीत. अळ्यांसकट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी खोल पुरा. आम्ही फक्त एक ठेवली: ती जोड सरकी, डिसेंबरात सापडलेली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून. थंडीत दिवस लहान झाले की अळी दोन सरक्या जोडून आत झोपते आणि उन्हाळ्यापर्यंत, कधी पुढच्या पावसापर्यंत तशीच राहते. पुतण्या रोज शाळेत जाताना बरणी कानाशी धरून हलवायचा. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली, तरी आतून काही नाही. मे महिन्याच्या एका सकाळी फडक्याच्या आतल्या बाजूला करड्या रंगाचा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा पतंग बसलेला दिसला.

“सोडू का मोठी आई?”

“फडकं सोडून तं पाहा,” मी म्हटलं, “मंग सांगते तुले.”